शिट्टी थांबली की गाडी थांबते

भाऊ गेल्यानंतर भेटायला आलेल्या बहुतेकांनी मला सांगितले, की जे व्हायचे होते ते झाले. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. केवळ व्हायचे होते म्हणून झालेली एकही गोष्ट आजवर माझ्या पाहण्यात आलेली नाही. टेबलावरून कप पडतो, तेव्हा तो कोणीतरी अगदी कडेला ठेवलेला असतो. हे मी आत्याला बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "अगं, निदान आज तरी शिकवू नकोस."

भावजय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "शिकवू द्या त्यांना. कप कोणी ठेवला ते मलाही ऐकायचंय."

माझा धाकटा भाऊ एका मोठ्या शीतगृहात शिट्टीवाला होता. मासळी, फळे, गोठवलेले वाटाणे घेऊन येणारे बंद पाठीचे ट्रक तिथल्या फलाटाला पाठ लावतात. फलाटात ट्रकच्या रुंदीच्या खाचा आहेत. ट्रक उलटा येऊन खाचेत शिरला, की तीन बाजूंना काँक्रीट उरते आणि चौथ्या बाजूला ट्रक. चालकाला मागचे काही दिसत नाही. आरशांत त्याला फक्त स्वतःच्याच गाडीच्या कडा दिसतात. म्हणून फलाटावर, खाचेच्या तोंडाशी, एक माणूस शिट्टी घेऊन उभा असतो.

या कामाचा तिथला जुना रिवाज असा होता: शिट्टी वाजत राहिली की मागे येत राहायचे, शिट्टी थांबली की थांबायचे. मग ती कशामुळेही थांबो. शिट्टीवाल्याला खोकला आला, त्याचा पाय घसरला, त्याला कोणी हाक मारली, तरी गाडी उभी. हा रिवाज कोणी पाडला हे आता कोणाला आठवत नाही, पण ज्याने पाडला त्याला एक गोष्ट नीट समजलेली होती. संकटात सापडलेल्या माणसाला काही नवे करायला सुचेलच असे नाही. हातातले काम मात्र त्याच्याकडून आपोआप सुटते.

खाचेत एखादी तुटकी फळी पडलेली दिसली, की भाऊ शिट्टी तोंडातून सोडी आणि खाली उडी मारी. ट्रक मागे उभा राहिलेलाच असे. फळी बाहेर भिरकावून तो वर चढे आणि पुन्हा गाल फुगवी. हे तो इतक्या वेळा करी, की त्यात विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. आवारात सगळे त्याला 'शिट्टी' म्हणत. भावजय म्हणे, "लग्नाच्या आधी माझ्यासाठी फुकट मारायचे, आता ट्रकसाठी पगारी मारतात. आणि ट्रक माझ्यापेक्षा लवकर ऐकतात."

मग आवाराला नवा व्यवस्थापक आला. त्याचे कार्यालय फलाटाच्या बरोबर वर होते आणि त्याचा बहुतेक दिवस फोनवर वरिष्ठांशी बोलण्यात जाई. शिट्ट्यांचा त्याला त्रास होऊ लागला. पहिल्या आठवड्यातच तो खिडकीत येऊन ओठांवर बोट ठेवू लागला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याचे नाव 'शूसाहेब' पडले. शूसाहेबांनी आधी ट्रकच्या मागच्या भोंग्यांच्या तारा काढायला लावल्या. मग सगळ्यांना फलाटावर बोलावून रिवाज उलटा केला. यापुढे सगळे ठीक असताना शिट्टी वाजवायची नाही. गाडी थांबवायची असेल तेव्हाच वाजवायची.

"शिट्टी धोक्यासाठी असते," ते म्हणाले. "धोका नसताना कशाला बोंबलायचं? तुमचाही दम वाचेल."

सगळ्यांना ते पटले. भाऊ त्या दिवशी घरी खूश होऊन आला होता, असे भावजय सांगते. गाल दुखत नव्हते म्हणून त्याने पोरीला बराच वेळ फुगे फुगवून दिले.

त्यानंतर काही महिन्यांनी खाचेत एक फळी पडलेली होती. ट्रक मागे येत होता. भावाने फळी पाहिली आणि नेहमीप्रमाणे खाली उडी मारली. शिट्टी गळ्यात लोंबत होती आणि ती वाजत नव्हती. त्याच्या शरीराच्या समजुतीप्रमाणे गाडी थांबायला हवी होती. नव्या नियमाप्रमाणे ती येत राहायला हवी होती, आणि ती आली. फळी उचलून तो सरळ होत असताना ट्रकच्या मागच्या कडेने त्याला काँक्रीटला दाबले. चालकाला किंचित अडल्यासारखे वाटले. गाडी फलाटाच्या रबराला टेकल्यावर असेच वाटते, म्हणून त्याने इंजिन बंद केले आणि तो खाली उतरला.

कंपनीच्या प्राथमिक चौकशीत मृत्यूचे कारण मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा असे ठरले. खाली उतरण्यापूर्वी शिट्टी वाजवून गाडी थांबवणे त्याचे कर्तव्य होते. त्याने ते केले नाही. चालकाला घरी बसवण्यात आले. कारखाना निरीक्षकांची सुनावणी व्हायची होती, पण तिथेही हेच ठरेल असे आम्हाला सौम्य शब्दांत कळवण्यात आले.

भावजयीने ते ऐकून घेतले. "मेलेल्याच्या माथी मारलं की बरं असतं," ती म्हणाली. "तो उलट बोलत नाही." मग ती म्हणाली, "ताई, मला तो माणूस त्या खाचेत उभा राहिलेला बघायचाय."

"बघू," मी म्हणाले. प्रयोगशाळेतही मी मोजमाप सुरू करण्यापूर्वी हाच शब्द वापरते.

*

'तो माणूस' म्हणजे कोण, याबद्दल तेव्हा माझे मत निश्चित झालेले नव्हते. म्हणून मी आधी चालकाकडे गेले. खरे सांगायचे तर त्याचा द्वेष करण्याची पूर्ण तयारी करून गेले. आवारात त्याला लंबू म्हणत. तो एका खोलीत राहत होता. त्याला त्याची खाट पुरत नव्हती, म्हणून पायथ्याशी स्टूल ठेवून त्यावर त्याने पाय टाकले होते. मला पाहून तो धडपडत उठला.

"शिव्या द्यायला आलात ना? द्या," तो म्हणाला. "तुमच्या आधी बायको, सासरा आणि खालचा न्हावी देऊन गेलेत. न्हाव्याचा तर काही संबंधही नव्हता."

"मागचं दिसत नव्हतं, तर गाडी मागे का नेलीत?"

"बाई, मी जन्मभर न दिसताच मागं नेतोय. दिसेपर्यंत थांबलो असतो तर पहिला ट्रक अजून रस्त्यावर असता."

"शिट्टी वाजत नव्हती."

"वाजत नव्हती म्हणूनच तर नेली!" तो ओरडला आणि मग खाली बसला. "आधी वाजत नसली की थांबायचो. मग साहेबांनी सांगितलं, वाजत नसली की जा. ऐकलं. काय करणार? पण तुम्हाला म्हणून सांगतो, ते अजून अंगवळणी पडलेलं नाही. शिट्टी ऐकली की पाय आधी रेसकडे जातो. मग डोकं म्हणतं, अरे गाढवा, आता उलटंय. तेव्हा पाय ब्रेकवर येतो. दरवेळी. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लायसन काढून घेतील."

माणसे स्वतःबद्दल जे सांगतात त्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. भावाची शिट्टी रुग्णालयाने आम्हाला परत दिली होती. ती माझ्या पिशवीत होती. मी लंबूला खुर्चीवर बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्या पोरांच्या शाळेविषयी विचारायला सुरुवात केली. तो मास्तरांच्या तक्रारीत रंगला असताना मी शिट्टी फुंकली.

त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. मग अंगावर काटा आल्यासारखा मागे सरला आणि डावीकडे आपटला.

मी पुन्हा करून पाहिले. छोट्या फुंकीला पाय जेमतेम हलून सावरत होता. लांबलचक, न थांबणाऱ्या फुंकीला तो दाबलेलाच राहत होता; उलटा नियम आठवायला जी उसंत लागते, ती त्या आवाजात त्याला मिळतच नव्हती. मी शिट्टी थांबवली की मात्र पाय लगेच उचलला जाई, डोक्याला विचारल्याशिवाय.

"बघितलात?" लंबू स्वतःच्या पायाकडे पाहत म्हणाला. "कुत्र्यासारखा आहे. माझं नाही, शिट्टीचं ऐकतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "त्या दिवशीही यानं जुनंच ऐकलं असतं तर..." मग म्हणाला, "बाई, माझं काय होणार?"

"तुमचा वाटा तुम्हाला मिळेल," मी म्हणाले. "तुम्ही सवयीच्या भरवशावर मोठी गाडी चालवत होतात आणि गप्प राहिलात. तो वाटा लहान नाही. पण दुसऱ्याचा वाटा तुमच्या गळ्यात पडू देणार नाही."

"हे चांगलं की वाईट?"

"ते मला सांगता यायचं नाही."

परत येताना मला एक विचित्र समाधान वाटत होते. शूसाहेबांना खाचेत उभे कसे करायचे, हा प्रश्न आता सुटण्याजोगा झाला होता, आणि ते तिथे उभे राहिल्यावर काय होईल याचे उत्तर बहुधा जगात फक्त मला ठाऊक होते.

*

सुनावणी शूसाहेबांच्याच कार्यालयात झाली. नियम बदलल्यावर उरलासुरला आवाजही नको म्हणून खिडकीला दुहेरी काच बसवून घेतलेली होती. खाली फलाटावर माणसे तोंडे हलवताना दिसत, आवाज येत नसे. निरीक्षकांना जबर सर्दी झाली होती आणि ते प्रत्येक वाक्याआधी रुमालाची घडी बदलत. कंपनीचा वकील होता, आम्ही दोघी होतो आणि दाराजवळ, कोणी बस म्हणेना म्हणून, लंबू उभा होता.

शूसाहेब माणूस म्हणून उर्मट नव्हते, हे मी नोंदवले पाहिजे. त्यांनी भावजयीला पाणी दिले. मग ते अतिशय शांत स्वरात बोलले.

"मला दुःख आहे. पण नियम स्पष्ट होता. शिट्टी त्याच्या गळ्यात होती. हात मोकळे होते. खाली उतरलात, गाडी येताना दिसली, शिट्टी उचलली, फुंकली. याला कितीसा वेळ लागतो? लहान मूलही करेल."

"लहान मूल करेल," मी म्हणाले. "तुम्ही कराल?"

"अर्थात."

"मग करून दाखवा ना. त्याच खाचेत, त्याच ट्रकसमोर. चालक इथेच आहे."

वकील पुढे झुकला. "याची काही आवश्यकता नाही. फार तर बाहुला ठेवून..."

"बाहुला शिट्टी वाजवत नाही," मी म्हणाले. "साहेबांचं म्हणणं शिट्टीबद्दल आहे."

निरीक्षक शिंकले. भावजय पहिल्यांदाच बोलली. "राहू दे हो ताई. साहेबांना भीती वाटत असेल. त्यात काय, माणूस आहे."

तिच्या आवाजात इतका कळवळा होता, की शूसाहेब उभेच राहिले. "चला," ते म्हणाले. "माझा माझ्या नियमावर विश्वास आहे."

निरीक्षकांनी खाचेत चाकांच्या वाटेत लाकडी ठोकळे लावण्याची अट घातली. गाडी काही झाले तरी फलाटापासून हातभर अलीकडे अडली पाहिजे. अट योग्य होती. ठोकळेही मजबूत होते. फक्त शीतगृहाच्या आवारात दारे उघडली की बाहेरच्या दमट हवेतले पाणी थंडीने निथळते आणि खाचेच्या जमिनीवर त्याचा पातळ थर नेहमी असतो. ओल्या काँक्रीटवर लाकूड किती धरते हा प्रयोग माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात असतो. मी ठोकळे पाहिले, जमीन पाहिली आणि काही बोलले नाही.

शूसाहेबांनी कोट काढून वकिलाच्या हातात दिला. फलाटावर कामगार जमले होते. "साहेब, गाल फुगवायची सवय आहे ना?" असे मागून कोणीतरी विचारले आणि बाकीचे खोकले. शूसाहेबांना शिट्टी हवी होती. मी पिशवीतून काढून दिली.

"ही त्याचीच आहे," मी म्हणाले.

त्यांनी ती रुमालाने पुसली, दोरी गळ्यात अडकवली आणि शिडीवरून खाचेत उतरले. फळी आधीच टाकलेली होती. मी फलाटाच्या कडेशी, बरोबर त्यांच्या डोक्यावर उभी राहिले. भावजय माझ्याजवळ आली. निरीक्षकांनी रुमालाचाच हात उंचावून इशारा केला.

ट्रक सुरू झाला आणि मागे येऊ लागला. शिट्टी वाजत नव्हती, त्यामुळे नियमानुसार ते बरोबर होते. शूसाहेब वाकले, त्यांनी फळी उचलली, बाहेर टाकली आणि वर पाहून निरीक्षकांना म्हणाले, "बघा. भरपूर वेळ आहे." मग ते ट्रककडे वळले.

खाचेत उभे राहून मागे येणारा ट्रक पाहणे आणि वरून पाहणे यांत फरक आहे. वरून तो वाहन दिसतो. खालून ती जवळ येणारी भिंत असते आणि उरलेल्या तिन्ही भिंती आधीच तुमच्या पाठीला आणि खांद्यांना लागल्यासारख्या वाटतात. शूसाहेबांनी शिट्टी उचलली. एवढे त्यांनी खरोखर वेळेत केले, हेही मी नोंदवते. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

ती छोटी फुंक असती तर लंबूचा पाय कदाचित सावरला असता. पण घाबरलेला माणूस छोटी फुंक मारत नाही. त्यांनी छातीत होती तेवढी हवा एका दमात त्या शिट्टीत घातली, आणि ट्रक जोराने मागे आला.

ते आणखी जोरात फुंकू लागले. ट्रक आणखी आज्ञाधारकपणे येऊ लागला. मागची चाके ठोकळ्यांना टेकली, क्षणभर अडली, मग ओल्या जमिनीवरून ठोकळे चाकांसह सरकू लागले. फरशीवरून जड कपाट ओढावे तसा आवाज येत होता, पण तो मला दिसला म्हणणे जास्त खरे होईल. कारण शिट्टीने बाकीचे सगळे आवाज खाऊन टाकले होते. निरीक्षक ओरडत होते. वकील कोट हलवत होता. कामगार ट्रकच्या पत्र्यावर थापा मारत धावत होते. केबिनपर्यंत त्यांतले काही पोहोचत नव्हते. तिथे एकच गोष्ट पोहोचत होती.

यातले काहीही मला अनपेक्षित नव्हते. वेग अपेक्षेपेक्षा थोडा जास्त होता, एवढेच.

भावजयीचा हात माझ्या खांद्यावर पडला. "राहू द्या, ताई," ती म्हणाली. पुरे झाले म्हणून ताटावर हात आडवा धरताना बायका ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

मी राहू दिले. थोडा वेळ.

शूसाहेबांनी वर पाहिले. त्यांचे गाल तट्ट फुगलेले होते आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. हा माणूस मला मदत मागत होता आणि त्याच वेळी, त्याच श्वासाने, गाडीला जवळ बोलावत होता. हे त्याला कळत नव्हते. मला कळत होते. भाऊ त्या जागी उभा असताना यांनाही वरून सगळे दिसू शकत होते, काचेतून, आवाजाशिवाय. मी मनात त्या दोन उंचींची तुलना केली. मला घाई नव्हती. ट्रकची कड त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यांना लागली आणि त्यांची पाठ काँक्रीटवर सपाट झाली, तेव्हा मी गुडघे टेकले, हात खाली घातला आणि दोरीला एक हिसका दिला.

शिट्टी दातांवर आपटून बाहेर आली. आवाज थांबला.

ट्रक त्याच क्षणी थांबला.

*

लंबूला खाली उतरवले गेले. निरीक्षक धापा टाकत त्याच्यासमोर उभे राहिले. सर्दी कुठल्या कुठे गेली होती.

"थांबला का नाहीस?"

"साहेबांनी शिट्टी मारली, मी आलो," लंबू म्हणाला. "शिट्टी थांबली, मी थांबलो."

"पण नवा नियम उलटा आहे ना?"

"तो डोक्यात आहे, साहेब. पायात अजून जुनाच आहे."

त्याच्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीखाली आणखी काहीतरी होते. त्याचा पाय खरोखर सवयीने दाबला गेला, की त्यातला थोडा भाग त्याने स्वतः दाबला, हे मी त्याला विचारले नाही. पायाचा हेतू मोजणारे उपकरण माझ्याकडे नाही. आणि त्याने विचारले असते, तर मला माझ्या उशिरा टेकलेल्या गुडघ्यांबद्दल तेच सांगावे लागले असते.

ट्रक पुढे घेतल्यावर कामगारांनी शूसाहेबांना बाहेर काढले. त्यांना फारसे लागलेले नव्हते. ओठ फुटला होता, सदऱ्याच्या दोन गुंड्या गेल्या होत्या. ते फलाटावर पाय पसरून बसले. त्यांचा आवाज बसला होता.

"ती थांबत का नव्हती?" त्यांनी मला विचारले. "मी एवढा फुंकत होतो."

"तुम्ही थांबू देत नव्हतात," मी म्हणाले.

मग मी निरीक्षकांना सगळे समजावून सांगितले, वर्गात सांगते तसे. जुन्या रिवाजात माणूस पडला, घसरला, मेला, तरी गाडी उभी राहत होती, कारण गप्प होणे सगळ्यांनाच जमते. नव्या नियमात गाडी उभी राहायला माणूस शाबूत, सावध आणि शहाणा असावा लागत होता. आणि ज्या माणसांना उलटे शिकवले त्यांना ते शिकायला वेळ दिला नाही, शिकले का ते पाहिले नाही, भोंगे आधीच मुके केले होते. हे सगळे एका खिडकीत आवाज येऊ नये म्हणून. माझा भाऊ निष्काळजी नव्हता. तो जुन्या नियमाने अगदी बरोबर वागला. त्याच्या पायाखालून नियम काढून घेतला होता.

"आणि हे घडेल हे तुम्हाला माहीत होतं?" निरीक्षकांनी विचारले.

"ठोकळे तुमच्या सूचनेने लावले होते," मी म्हणाले. हे उत्तर खरे होते आणि ते उत्तर नव्हते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग त्यांनी रुमाल शोधायला सुरुवात केली.

परतताना बसथांब्यावरच्या बाकावर बसल्यावर भावजयीने विचारले, "का ओढलीत?"

"तो मेला असता."

"मग?"

बस दिसत नव्हती. मी तिला काय सांगावे याचा विचार केला. माणुसकी वगैरे सांगितले असते तर ते खोटे ठरले असते, आणि तिला ते कळले असते.

"तो तिथं मेला असता, तर त्याच्या घरी लोक आले असते," मी म्हणाले. "आणि त्याच्या बायकोला म्हणाले असते, जे व्हायचं होतं ते झालं. सगळं त्याच्यासोबत संपलं असतं. आपल्या 'शिट्टी'वरचा निष्काळजीपणाचा ठपकासुद्धा तसाच राहिला असता. आता कोणाला तसं म्हणता येणार नाही."

तिने हे मनाशी तपासून पाहिले. "तेवढ्यावर भागेल तुमचं?"

"नाही," मी म्हणाले.

"माझंही नाही," ती म्हणाली, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या खांद्याला टेकून रडली.

*

निरीक्षकांच्या अंतिम निष्कर्षात भावाच्या निष्काळजीपणाचा उल्लेख राहिला नाही. लंबूला त्याचा वाटा मिळाला. तो आता ट्रक चालवत नाही, गोदामात पेट्या मोजतो आणि मला भेटला तर मान खाली घालतो. मी ती वर करायला सांगत नाही. फलाटावर जुना रिवाज परत आला. आवारात दिवसभर शिट्ट्या वाजतात आणि वरची दुहेरी काच काढून टाकलेली आहे. ती कामगारांनी काढली की कंपनीने, याबद्दल दोन मते आहेत.

शूसाहेबांवर खटला सुरू आहे. तो लांबतो आहे, कारण त्यांचे वकील तो लांबवत आहेत. मला चालते. प्रत्येक तारखेला मी महाविद्यालयातून रजा घेते आणि लवकर जाऊन पहिल्या रांगेत बसते, आरोपीच्या जागेवरून मान वळवली की दिसेल अशा ठिकाणी. भावजय माझ्या शेजारी असते. शिट्टी माझ्या गळ्यात असते, बाहेर, पदरावर, दाताची खूण वरच्या बाजूला दिसेल अशी.

मी ती फुंकत नाही. शूसाहेब दर थोड्या वेळाने तिच्याकडे पाहतात, आणि त्यांचे वकील बोलत असताना त्यांचे ऐकण्यात लक्ष नसते.